आदल्या दिवशी सोडवलेला पेपर

"जगात पाणी वर चढवणाऱ्या दोनच गोष्टी हायत," दगडोबा चारचौघांत सांगायचा, "एक वीज आन दुसरा म्या."

येळंबवाडीची माणसं यात थोडी दुरुस्ती सुचवत. वीज पहिली नको, दुसरी घ्या, कारण वीज गावातून रोज जायची, दगडोबा कधीच जात नसे. एकोणीस वर्षं गावच्या पाण्याची मोटार त्याच्या हाताखाली होती. विहिरीवरच्या पंपघराची पितळी चावी त्याच्या कमरेच्या करगोट्याला बांधलेली असायची आणि ती अंघोळीलाही सुटत नसे. त्याची बायको कस्तुराबाई म्हणायची, "लग्नात माझ्या गळ्यात डोरलं पडलं, ह्यांच्या कमरंला चावी पडली. माझं डोरलं दोनदा तुटून परत ओवलं, ह्यांची चावी काय हालली न्हाय."

तर अशा माणसाच्या कमरेवर सरकारची नजर गेली.

झालं असं की गावाला नवी पाणीयोजना मिळाली. नवी टाकी, नवी पाइपलाइन, नव्या मोटारी, आणि या सगळ्यांच्या मागोमाग एक नवा कागद. पंप चालवणाऱ्याकडं मोटार दुरुस्तीचं सरकारमान्य प्रमाणपत्र पाहिजे, नसेल तर चार महिन्यांनी होणाऱ्या ग्रामसभेत चावी दुसऱ्या प्रमाणपत्रवाल्याकडं द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. ग्रामसेवकानं तो वाचून दाखवला तेव्हा दगडोबाचा हात आपोआप कमरेकडं गेला.

"दुसरा प्रमाणपत्रवाला कोण हाय गावात?" त्यानं विचारलं.

"सध्या कोणीच नाही," सरपंच म्हणाले, "पण आमचा योगीराज घेतोय की."

योगीराज म्हणजे सरपंचांचा मेहुणा. बहिणीकडं राहून काम शोधणारा आणि चुकून सापडेल या भीतीनं फार न शोधणारा. मोटारीचं म्हणाल तर बटण दाबलं की ती चालते, एवढं त्याला ठाऊक होतं.

दगडोबा त्याच दिवशी मोटरसायकलला किक मारून मुरुमच्या वाटेवरच्या ज्ञानसंगम समुदाय महाविद्यालयात गेला. तिथं सरकारनं मोठ्या माणसांना कामधंदा शिकवायला पैसा दिला होता. अठरा ते साठ वयाच्या कोणीही यावं, तीन महिने फुकट शिकावं, वर एक निळा अ‍ॅप्रन, एक पिशवी आणि दुपारचा चहा घ्यावा. अटी दोनच. तुकडी तीस जणांची भरली पाहिजे, आणि जेवढे पास होतील तेवढ्यांचंच अनुदान कॉलेजला मिळणार. त्यामुळं तिथले शांतलिंग सर विद्यार्थ्यांकडं असं बघायचे, जसा शेतकरी आभाळाकडं बघतो.

"मामा, तुम्हाला काय शिकवायचं? तुम्हीच आमच्या बोअरची मोटार दोनदा नीट केली," सर म्हणाले. "पण एक अडचण आहे. तुम्ही धरून एकोणतीस झाले. एक माणूस कमी पडला तर तुकडीच रद्द होईल."

दगडोबानं घरी येऊन सुनेला हाक मारली. ज्ञानेश्वरी बारावी सायन्स झालेली. तिचा नवरा बालाजी पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा यायचा. घरातला मिक्सर, इस्त्री आणि पंखा ती स्वतःच खोलायची, पण सासरे घरात नसताना.

"असं करू," दगडोबानं बेत सांगितला, "लिहायचं काम तू कर, मोटारीचं काम म्या करतो. दोघांत मिळून एक जरी पास झालं तरी बस."

"सासरा आन सून एका बाकावर? लोक काय म्हनतील?" कस्तुराबाई म्हणाली.

"लोकांना पाणी कोन पाजतं?" दगडोबानं विचारलं आणि विषय मिटला.

पहिल्या दिवशी हजेरीच्या यंत्रानं दगडोबाला ओळख दाखवली नाही. तांब्याची तार गुंडाळून गुंडाळून त्याचा अंगठा गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. यंत्र म्हणे, अशी व्यक्ती अस्तित्वात नाही. दहाही बोटं लावून झाली तेव्हा डाव्या करंगळीला ते राजी झालं, आणि तीन महिने दगडोबानं सरकारला करंगळी दाखवून हजेरी लावली. दुपारी सगळ्यांचा अ‍ॅप्रन घालून फोटो निघायचा, तो वर पाठवावा लागे. शरणम्मा त्या फोटोसाठी रोज गजरा माळून यायची. ती कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावची, पन्नाशीची. तिची पिठाची गिरणी होती, आणि दर महिन्याला मोटार जळून दळण थांबायचं म्हणून ती शिकायला आली होती. दगडोबाला ती अण्णा म्हणायची आणि चहाचं बिस्किट त्याच्या बशीत ठेवायची, कारण तिला साखर वर्ज्य होती.

लेखी परीक्षेची दगडोबाला धास्ती होती. तेरच्या गोरोबाकाकांना त्यानं नारळ बोलला आणि एक्केचाळीस मार्कांनी निभावलं. ज्ञानेश्वरीला ब्याण्णव पडले. योगीराज पुढच्याच्या पाठीवरून वाचून चाळिसावर सुटला.

आता राहिली होती मोटारीवरची परीक्षा, म्हणजे दगडोबाच्या मते परीक्षा संपलीच होती.

ती परीक्षा कशी असते, हे शांतलिंग सरांनी सविस्तर सांगितलं, पण नेमका त्याच वेळी दगडोबाला गावातून फोन आला की मोटार बंद पडली आहे. तो बाहेर लिंबाखाली उभा राहून पाऊण तास फोनवरून मोटार सुधारत होता. "लाल दाब. दाबलं का? आता सोड. अरं हिरवं न्हाय, लाल!" पाणी सुरू झालं तेव्हा तास संपला होता. घरी जाताना मोटरसायकलवर मागून ज्ञानेश्वरी म्हणाली, "आबा, मोटारीच्या परीक्षेचं सरांनी काय सांगितलं ते ऐका."

"मोटारीचं मला सांगू नगं, पोरी. ते सोडून काय असंल तर सांग."

ते सोडून काही नव्हतं, म्हणून ती गप्प बसली.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता दगडोबा सरांसाठी भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन कॉलेजात गेला. सर नव्हते. परीक्षा घ्यायला पुण्याहून दिग्विजय साहेब आले होते, त्यांना घेऊन सर घरी जेवायला गेले होते. आमच्याकडं पाहुणा जेवायला गेला की तासाभरात सुटत नाही. वॉचमन रामहरी दगडोबाला चांगला ओळखत होता. "मामा, शेंगा वर्कशॉपात ठेवा," म्हणून त्यानं दार उघडून दिलं आणि तो गेटवर जाऊन बसला.

वर्कशॉपात दहा टेबलं होती आणि प्रत्येकावर एकेक मोटार. दगडोबानं सवयीनं पहिलीचं बटण दाबलं. नुसती गुरगुरली. दुसरीचं दाबलं. तेवढंही नाही. तिसरी फिरली, पण उलटी. दहाच्या दहा मोटारी आजारी!

उद्या परीक्षा, पुण्याचा साहेब दारात आणि सरांच्या वर्कशॉपात ही कळा. आपल्या शांतलिंग सरांची सगळ्यांपुढं शोभा होणार, सरकार म्हणणार, यांना मोटारी नीट ठेवता येत नाहीत आणि हे काय शिकवणार. लग्नाच्या आदल्या दिवशी मांडव पडलेला दिसावा तसं त्याला झालं. आणि मांडव पडलेला दिसला तर माणूस पत्रिका बघत बसत नाही, बांबू उचलतो.

चांगली मोटार कोणी मुद्दाम बिघडवून ठेवतं, हा विचार त्याच्या मनाला शिवणंच शक्य नव्हतं. तो नेहमी म्हणायचा, "चांगली मोटार बिघडवनाऱ्याला मेल्यावर सुदिक पानी मिळायचं न्हाय."

त्यानं बाह्या सारल्या. हत्यारांची थैली मोटरसायकलला असायचीच, तिच्यात नवे-जुने कंडेन्सर, फ्यूज, तारा, पट्ट्या सगळं होतं. एकीचा कंडेन्सर बदलला, दुसरीची आतून तुटलेली वायर जोडली, तिसरीच्या वायरी अदलाबदल केल्या, सहावीच्या पंख्यात कोणीतरी कोंबलेली चिंधी काढली आणि कोंबणाऱ्याला दोन शिव्या दिल्या. प्रत्येक जोडावर त्यानं नेहमीसारखी चिकटपट्टी गुंडाळली आणि पट्टीचं टोक आत दुमडून छोटी शेपटी ठेवली, म्हणजे पुढच्या माणसाला सोडवताना नख लावत बसायला नको. सातच्या आत दहाही मोटारी भजनासारख्या सुरात लागल्या. पदरचं सामान गेलं होतं, पण सरांना सांगायचं नाही असं त्यानं ठरवलं. उपकार बोलून दाखवायची त्याच्या घरात रीत नव्हती. शेंगांची पिशवी खुर्चीवर ठेवून तो शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले दहा उमेदवार आत घेतले. दगडोबा चार नंबरच्या टेबलाशी, त्याच्या एका बाजूला तीनवर ज्ञानेश्वरी, दुसऱ्या बाजूला पाचवर शरणम्मा, आणि पलीकडं नऊवर योगीराज. दिग्विजय साहेब तिशीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले, हातात टॅब.

"प्रत्येक मोटारीत मी काल एक दोष करून ठेवला आहे," साहेब म्हणाले. "तो शोधायचा, कागदावर लिहायचा, दुरुस्त करायचा आणि मोटार चालवून दाखवायची. पाऊण तास वेळ आहे. आणि एक नियम ऐका. परीक्षेआधी ज्यानं या साहित्याला हात लावला असेल तो बाद."

दगडोबाच्या कानात शिट्टी वाजली. त्यानं साहेबांकडं पाहिलं, मोटारीकडं पाहिलं आणि मग त्याचा हात कमरेच्या चावीवर गेला.

पहिली पाच मिनिटं सगळे उत्साहानं कामाला लागले. पुढची दहा मिनिटं घाम पुसण्यात गेली. मोटारीत दोष असल्याचं खुद्द सरकार सांगत होतं आणि मोटार तर ठणठणीत! मग एकेकानं आपापला इलाज सुरू केला. एकानं चांगली वायर तोडून बघितली आणि ती परत कुठं लावायची ते विसरला. एकानं पंखा काढला. शरणम्मा हार मानणारी बाई नव्हती. तिनं जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि मोटार सोलायला घेतली. झाकण, पंखा, कंडेन्सर, बेअरिंग, शेवटी बेअरिंगातल्या गोळ्यासुद्धा तिनं मोजल्या. "अय्यो, अण्णा," ती कुजबुजली, "सगळं बरोबर हाय की रे. मग माझंच काय चुकतंय?"

दगडोबानं मान खाली घातली.

अशा वेळी योगीराजचा मात्र हात वर गेला. त्यानं तीन महिन्यांत एकच उत्तर पाठ केलं होतं, ते त्यानं लिहिलं: कंडेन्सर गेलेला आहे. मग त्यानं बटण दाबलं आणि मोटार गाऊ लागली. साहेबांनी आपली बंद पाकिटातली यादी बघितली. नऊ नंबर, कंडेन्सर! "शाब्बास, वीस मिनिटांत?" साहेब म्हणाले. योगीराजला स्वतःचा इतका आनंद झाला की तो ती मोटार पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसला. सतरा वेळा ती बिचारी चालली, अठराव्या वेळी चट्‍ असा आवाज करून मुकी झाली, पण तोवर साहेब पुढं गेले होते.

दगडोबाचं उत्तर तर त्याच्याजवळ होतं. चार नंबरला ओव्हरलोडची, म्हणजे जास्त भार आला की मोटार बंद करणारी पट्टी सरकलेली होती. एवढं लिहिलं की पूर्ण मार्क, प्रमाणपत्र, ग्रामसभा आणि चावी जन्मभर कमरेला. त्यानं पेन उचललं.

तेवढ्यात त्याची नजर तीन नंबरकडं गेली. ज्ञानेश्वरीनं आपल्या मोटारीच्या दोन वायरी सोडवून पुन्हा आपल्या हिशेबानं जोडल्या होत्या आणि आता ती थांबली होती. तिच्या बोटांत चिकटपट्टीचं टोक होतं, आत दुमडलेलं, छोट्या शेपटीचं. ती त्या शेपटीकडं बघत होती. मग तिनं सावकाश सासऱ्याकडं बघितलं. तिला सगळं कळलं होतं. तिनं ओठ मिटले, पट्टी मुठीत लपवली आणि आपल्या कोऱ्या कागदाकडं बघत बसली. नापास झाली असती, पण बोलली नसती.

दगडोबानं पेन खाली ठेवलं. चावी कमरेला खूप जड झाली.

तो उभा राहिला. "साहेब, ह्या मोटारींत फॉल्ट न्हाय. म्या काल सगळे काढले."

"म्हणजे?"

"एक नंबरचा कंडेन्सर. दोनची वायर. तीन उलटी फिरत हुती. चारची पट्टी सरकलेली. पाचचा फ्यूज. सहात चिंधी." दगडोबा न थांबता दहापर्यंत गेला. "आन साहेब, आठचं बेअरिंग कोरडं पडलंय, ते तुमच्या ध्यानात आलं नसंल. आठ दिवसांत जाईल."

साहेबांनी यादी बघितली. दहापैकी दहा! त्यांचा चेहरा पांढरा पडला. "पेपर फुटला!" ते ओरडले. "ही यादी माझ्या बॅगेत होती आणि बॅग माझ्या उशाशी! यादी कोणी दिली तुम्हाला?"

शांतलिंग सर धावत आले. पेपर फुटला म्हणजे तुकडी रद्द, अनुदान रद्द, पुढच्या वर्षीची बायकांची तुकडी रद्द. त्यांनी खुर्चीचा आधार घेतला आणि ते नेमके शेंगांच्या पिशवीवर बसले. रामहरीला गेटवरून बोलावलं. तो छातीठोकपणे म्हणाला, "काल इथं कोणीच आलं नव्हतं. मामा आले हुते, पर ते काय 'कोणी' न्हाईत. तीन तास बसले आन गेले."

"यादी कशाला लागती?" दगडोबा म्हणाला. "मोटार सांगती की."

साहेबांनी चार नंबरची मोटार उचलून व्हरांड्यात नेली, दार लावून काहीतरी केलं आणि परत आणून ठेवली. दगडोबानं पेचकसाचं टोक मोटारीला लावलं, दांडा कानाला लावला, बटण दाबून लगेच सोडलं. "मागचा एक स्क्रू ढिला केलाय. आन साहेब, परत पिळताना जपून, आटे झिजलेत."

साहेबांनी टॅब टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच दगडोबाला हात जोडले. "पण काका, मोटारी बंद आहेत हे पाहून तुम्हाला शंका नाही आली, की कोणी मुद्दाम केलं असेल?"

"चांगली मोटार मुद्दाम कोन बिघडवंल, साहेब?"

साहेबांनी यादीची घडी घालून खिशात ठेवली. मग ते हळूच म्हणाले, "नियम नियम आहे. तुम्ही आजचा पेपर कालच सोडवलात. तुम्हाला बाद करावं लागेल. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी."

ग्रामसभा आठ दिवसांवर होती. दगडोबानं मान हलवली. चावीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बाकीच्यांचं काय? त्यांचा काय गुन्हा न्हाय."

"त्यांच्यासाठी मोटारी परत बिघडवाव्या लागतील," साहेब म्हणाले आणि वळून बघतात तर ती गरज उरलीच नव्हती. नऊ टेबलांवर नऊ मोटारी मरून पडल्या होत्या. नसलेला दोष शोधता शोधता प्रत्येकानं मनापासून एकेक नवा तयार केला होता. साहेबांनी नऊ चिठ्ठ्या केल्या. ज्याच्या वाट्याला जी मोटार येईल ती त्यानं सुधारायची, फक्त स्वतःची सोडून.

ज्ञानेश्वरीला आली नऊ नंबर, योगीराजनं मुकी केलेली. आणि योगीराजला आली पाच नंबर, म्हणजे वर्तमानपत्रावरचा तो सगळा पसारा. त्यानं बराच वेळ त्याकडं पाहिलं आणि कागदावर लिहिलं: कंडेन्सर गेलेला आहे.

"तो गेला न्हाय रे बाबा," शरणम्मा म्हणाली, "तो माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात हाय."

दगडोबाला बाहेर काढलं होतं. तो खिडकीच्या गजाला नाक लावून उभा राहिला, तेव्हा साहेबांनी खिडकीही लावून घेतली. मग तो रामहरीशेजारी पायरीवर बसला आणि नुसत्या आवाजावरून आतलं ऐकत राहिला. एक चालली. मग दुसरी. नऊ नंबर काही बोलेना. वीस मिनिटं झाली. दगडोबा रामहरीच्या मांडीवर बोटं आपटायला लागला. "स्टार्टरची कॉइल जळली असंल, पोरी, कॉइल बघ, कॉइल," तो पुटपुटत होता, आणि तेवढ्यात आतून एक स्वच्छ, भरलेला आवाज आला.

"नऊ नंबर," दगडोबा म्हणाला. "बदलली तिनं." त्याला लई बरं वाटलं आणि त्याच्या पाठोपाठ थोडं वाईटही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यामुळं त्यानं उगीचच रामहरीकडं तंबाखू मागितली. तो तंबाखू खात नव्हता.

दुपारी उरलेल्या वीस जणांची परीक्षा होती आणि त्यासाठी मोटारी पुन्हा बिघडवायच्या होत्या. साहेबांना नवे दोष सुचेनात. शांतलिंग सरांनी दगडोबाच्या हातात पकड दिली. "मामा, तुम्ही बाद झालाच आहात, आता तुमच्याइतका निःपक्षपाती माणूस नाही. करा चार-पाच बिघाड."

दगडोबा मोटारीपुढं बसला. पकड वायरीला लावली. काढून घेतली, परत लावली. "सर, माझ्याच्यानं व्हायचं न्हाय," तो म्हणाला. "कापा म्हनलं तर बोट कापून घेतो." शेवटी आपली परीक्षा उरकलेल्या ज्ञानेश्वरीनं पदर खोचला आणि साहेबांच्या देखत वीस मिनिटांत दहा मोटारी अशा बिघडवल्या, की साहेबांनी ते बिघाड लिहून घेतले. जाताना शांतलिंग सर दगडोबाला म्हणाले, "पुढच्या तुकडीला अनुभवी पाहुण्या शिक्षकाची जागा मंजूर आहे. त्याला प्रमाणपत्राची अट नाही. आठवड्यातून दोन दिवस. पण दर शनिवारी सरावासाठी मोटारी बिघडवून ठेवाव्या लागतील."

"मग ते जमायचं न्हाय," दगडोबा म्हणाला.

तुकडीतले सव्वीस पास झाले आणि कॉलेजचं अनुदान वाचलं. शरणम्मा पास झाली. योगीराज नापास झाला, आणि त्यालाही बहुतेक बरंच वाटलं असावं. ग्रामसभेत ग्रामसेवकानं विचारलं, गावात प्रमाणपत्र कोणाकडं आहे? ज्ञानेश्वरी उभी राहिली. दोघांत एक पास झालं होतं, फक्त ते कोणतं एक, हे दगडोबानं बेत करताना नीट ठरवलं नव्हतं.

चावी सुटेना. एकोणीस वर्षांची गाठ दगडासारखी झाली होती. शेवटी सुनेनंच पकडीनं करगोटा कापला. दगडोबा टाळ्या वाजवणाऱ्यांत सगळ्यांत पुढं होता, पण घरी येताना त्याचा हात चार वेळा कमरेकडं गेला.

चावी आता स्वयंपाकघरातल्या खिळ्याला राहायला लागली. पहिल्या दिवशी ज्ञानेश्वरीनं पाणी वेळेवर सोडलं. दगडोबा ओट्यावर तयार होऊन बसला होता, काही अडलं तर बोलावतील म्हणून. काही अडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. "जरा इकडं या" असं म्हणायला सुद्धा कोणी येईना. कस्तुराबाई म्हणाली, "शेळीला पाला तरी टाका." एकोणीस वर्षं गावाला पाणी पाजणारा माणूस शेळीला पाला टाकून आला.

चौथ्या दिवशी सकाळी मोटार सुरू झाली नाही.

नळाशी घागरींची रांग लागली. बायका कुरकुरायला लागल्या. दगडोबा मात्र त्या दिवशी पहाटेच दाढी करून, धुतलेला सदरा घालून, हत्यारांची थैली मांडीवर घेऊन ओट्यावर बसला होता. ज्ञानेश्वरी पंपघराकडून येताना दिसली तसा तो उठलाच.

"काय झालं? चालंना व्हय? म्हनलं न्हवतं, प्रमाणपत्र येगळं आन अनुभव येगळा. चल, बघतो."

"बसा, आबा," ज्ञानेश्वरी म्हणाली. "दोष सापडला. स्टार्टरमधला फ्यूज कोणीतरी काढून नेलाय."

"आता काय म्हनावं लोकांना," दगडोबा म्हणाला. "चोर असंल कुनीतरी."

"चोर लई काळजीचा दिसतो. उघड्या वायरीचा कोनाला शॉक बसू नये म्हनून दोन्ही टोकांना पट्टी गुंडाळून गेलाय." तिनं मूठ उघडली. तळव्यावर चिकटपट्टीचे दोन तुकडे होते. दोन्हींचं टोक आत दुमडलेलं, छोटी शेपटी ठेवलेली.

दगडोबानं शेळीकडं बघितलं. शेळीनं दुसरीकडं बघितलं.

"चांगली मोटार बिघडवणाऱ्याला मेल्यावर काय मिळत न्हाय म्हनत होता, आबा?"

दगडोबानं सदरा वर केला. नव्या करगोट्याला, जिथं चावी असायची तिथं, फ्यूज बांधलेला होता. त्यानं तो मुकाट्यानं सोडून सुनेच्या हातावर ठेवला. ती दोन पावलं गेली आणि थांबली.

"शांतलिंग सरांना फोन लावू का?" तिनं विचारलं. "तुम्हाला बिघडवायला जमायला लागलं म्हनून?"

दगडोबानं थोडा विचार केला. कमरेला हात लावून बघितला, तिथं काहीच नव्हतं.

"लाव," तो म्हणाला. "शनिवारपासनं येतो म्हनावं. पर एका अटीवर. बिघडवलेल्या मोटारी सांजच्याला घरी निघायच्या आधी म्याच नीट करणार."